बारीकशी धडक झाली आहे, लेकीची कार सीट बदलायची का?

सुरंगी

नमस्कार मंडळी. दोन रात्री नीट झोप लागलेली नाही म्हणून इथे विचारतेय.

परवा संध्याकाळी रत्नागिरीहून लांज्याला, माहेरी निघालो होतो. हातखंब्याच्या तिठ्यावर पुढे एसटी वळत होती म्हणून थांबलो. पावसाची भुरभुर होती आणि रस्त्यावर लाल चिखल. मागून आलेल्या छोट्या टेम्पोवाल्याने ब्रेक मारला, पण चाकं सरकली आणि तो आमच्या डिकीवर येऊन आदळला. वेग फार नसावा, ताशी १५-२० असेल. बंपर दबला, एक टेललॅम्प फुटला, डिकीचं दार आता घासतंय. एअरबॅग उघडल्या नाहीत. गाडी तशीच चालवत आम्ही घरी परत आलो.

लेक २ वर्षं ८ महिन्यांची आहे. मागे डाव्या बाजूला, पुढे तोंड असलेल्या कार सीटमध्ये पट्टे लावून बसली होती. दचकून रडली आणि पाच मिनिटांत शांत झाली.

आता प्रश्न. सीटवर एक ओरखडा नाही. नवरा म्हणतो, काही झालेलं नाही, वापरू. सासूबाई म्हणतात, एवढी महागाची वस्तू, धडधाकट असताना टाकून कशी द्यायची? मला मात्र हेल्मेट आठवतं. एकदा जोरात आपटलं की ते बदलायचं असतं म्हणतात, मग सीटचं काय? सीटची माहितीपुस्तिका घरात सापडत नाहीये. गणपतीला पुन्हा लांज्याला जायचं आहे आणि तेव्हा हायवेवर काय गर्दी असते ते तुम्हाला माहीत आहेच.

पारिजातक

सुरंगी, सीटचं नंतर बघू. मी बालरोगतज्ज्ञ आहे म्हणून आधी लेकीबद्दल विचारते. तिला डॉक्टरांना दाखवलंस का? मान वळवताना ती रडते का, एका बाजूचा हात किंवा पाय कमी वापरते का, उलट्या, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, उगाचची चिडचिड, यातलं काही आहे का? पट्ट्याखाली खांद्यावर, छातीवर, ओटीपोटावर लाल वळ उठलाय का, तेही कपडे काढून उजेडात बघ. एवढी लहान मुलं कुठे दुखतंय ते नेमकं सांगू शकत नाहीत.

यातलं काही दिसलं तर आजच दाखव, उद्यावर टाकू नकोस.

सुरंगी

डॉक्टर, कालच दाखवून आणलं. वळ नाही, मान व्यवस्थित वळवतेय, खाणंपिणं नेहमीसारखं आहे. अंगणात चिखल खेळायला मिळाला नाही म्हणून रुसली होती, तेवढंच.

घाटमाथा

मूळचा चिपळूणचा, आता पुण्यात. गाड्यांचे प्लास्टिकचे भाग बनवण्यात १६ वर्षं गेली, त्यामुळे यावर थोडं लांबट लिहितो.

हेल्मेटशी तुलना बरोबर आहे. कार सीटच्या कापडाखाली, विशेषतः डोक्याच्या दोन्ही बाजूंना, थर्माकोलसारखा फोम असतो. तो चिरडून धक्का पितो, आणि एकदा चिरडला की पुन्हा फुगत नाही. बाहेरचं प्लास्टिकचं कवच उलट वागतं. ते वाकतं आणि परत जागेवर येतं, म्हणून वरून पाहणाऱ्याला काहीच झालेलं दिसत नाही. पट्टेही जोराच्या झटक्याला ताणले जातात. ते ताणावेतच, त्यामुळे मुलाच्या छातीवरचा भार कमी होतो. मात्र ताणलेला पट्टा पुढच्या वेळी तेवढाच उपयोगी पडेल याची खात्री नसते.

पण म्हणून प्रत्येक टिचकीला सीट फेकायची असंही नाही. अमेरिकेची सरकारी रस्ता-सुरक्षा संस्था, एनएचटीएसए, याबाबत पाच गोष्टी तपासायला सांगते. गाडी अपघाताच्या जागेवरून स्वतः चालत निघाली का? सीटच्या सर्वात जवळचं दार शाबूत आहे का? गाडीतल्या कुणालाच इजा झाली नाही ना? एअरबॅग असतील तर त्या बंदच राहिल्या ना? आणि सीटवर डोळ्यांना दिसेल असं काही नुकसान नाही ना? पाचही ठीक असेल तर धडक किरकोळ समजायची, सीट आपोआप बदलायची गरज नाही. एक जरी उत्तर उलटं आलं तर धडक किरकोळ राहत नाही आणि सीट बदलायची. चार ठीक आहेत म्हणून पाचवं सोडून द्यायचं नाही.

यावर माझी एक पुस्ती. तुम्हाला मागून धडक बसली आहे. समोरच्या एअरबॅग समोरच्या धडकेसाठी असतात, मागच्या धडकेत त्या सहसा उघडतच नाहीत. त्यामुळे ‘एअरबॅग उघडली नाही’ या एका गोष्टीवर फार विसंबू नका. बाकीच्या चार नीट बघा.

आणि या सगळ्याच्या वर सीट बनवणाऱ्या कंपनीची सूचना. काही कंपन्या वरचेच निकष मानतात, काही कुठल्याही धडकेनंतर बदला म्हणतात. माझ्या मुलाच्या युरोपीय सीटच्या पुस्तिकेत ताशी १० किमीहून जास्त वेगाच्या धडकेनंतर सीट वापरू नका, असं स्पष्ट छापलंय. त्या हिशेबाने तुमची सीट कधीच बाद झाली असती. म्हणून पुस्तिका हवीच. घरात नसेल तर मॉडेलचं नाव टाकून कंपनीच्या साइटवर बहुतेक वेळा सापडते.

आंबोशी

मी दापोलीची, दोन नातवंडांची आजी. रागावू नका, पण मनातलं विचारते. आमची मुलं एसटीच्या खिडकीला नाक लावून, आमच्या मांडीवर बसून मोठी झाली. आता सून १८ हजारांची सीट आणते आणि एक टक्कर झाली की बदला म्हणते. हे कंपन्यांनीच पसरवलेलं नाही ना? त्यांचं तर विकण्यातच भलं आहे.

घाटमाथा

काकू, रागवायचं काय त्यात, प्रश्न रास्त आहे. कंपनीला विक्री हवी असते हे खरंच. म्हणूनच मी सरकारी संस्थेचे निकष आधी सांगितले. त्या संस्थेला सीट विकायची नाही आणि तिने ‘किरकोळ धडकेत बदलायलाच हवी असं नाही’ हे स्वतःहून सांगितलंय. नाहीतर खर्चाच्या भीतीने लोक सीट लावायचंच सोडतील आणि ते मुलासाठी जास्त वाईट.

मांडीवरच्या मुलाबद्दल एवढंच सांगतो. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी १५ च्या तुलनेत ताशी ५० च्या धडकेत ती अकरा पट होते. युरोपीय आर ४४ आणि आर १२९ या मानकांत सीटची समोरून चाचणी ताशी ५० किमीलाच घेतात. त्या धडकेत १२ किलोचं लेकरू हातात धरून ठेवणं कुणाही माणसाच्या शक्तीबाहेरचं आहे. तुमच्या वेळच्या रस्त्यांवर एसटी घाटातून रांगत जायची. आता चौपदरी झालेल्या हायवेवर गाड्या ऐंशी-नव्वदने सहज पळतात.

आणि कायद्यातही आलंय. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला जी दुरुस्ती झाली, त्यातल्या कलम १९४ब नुसार १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बाल सीटशिवाय गाडीत असेल तर १,००० रुपये दंड आहे.

आंबोशी

अकरा पट हे पटलं. सुनेला आज फोन करते.

वेंगुर्ल्याचा_वारा

माझीय एक गजाल सांगतंय. गेल्या म्हयन्यात घराकडे रिव्हर्स घेताना गाडी गडग्याक आपटली. जांभ्याचो गडगो, तेका काय एक झाला नाय, पण बंपर फुटलो. चेडू तेव्हा घरात आजयेकडे होता. सीट रिकामीच होती, पण बांधलेली. आता बायल म्हणता बदलूक होयी. रिकाम्या सीटीचा काय करूचा?

घाटमाथा

रिकाम्या सीटवर मुलाचं वजन नसतं, त्यामुळे तिच्या आतल्या पट्ट्यांवर ताण जवळजवळ येत नाही. पण सीट स्वतः पाच-दहा किलोची असते आणि गाडीच्या पट्ट्याने किंवा आयसोफिक्सच्या, म्हणजे थेट गाडीच्या सांगाड्याला अडकणाऱ्या, हुकांनी बांधलेली असते, म्हणजे झटका तिलाही बसतोच. रिव्हर्समध्ये गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागलं म्हणजे चालण्याचा वेग. वरचे पाच प्रश्न विचारा आणि पुस्तिकेत रिकाम्या सीटबद्दल वेगळं वाक्य आहे का ते शोधा. काही पुस्तिकांत मूल बसलेलं असो वा नसो, नियम एकच असतो.

कुडाळचं_गॅरेज

डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो, २२ वर्षं झाली. बंपरकडे बघून धडक लहान की मोठी ठरवू नका, हे मी सगळ्यांनाच सांगतो. आताचे बंपर प्लास्टिकचे. आत दबून पुन्हा बाहेर येतात, वरून नुसता ओरखडा दिसतो. त्याच्या मागे लोखंडी आडवी पट्टी असते ती वाकलेली असू शकते, आणि कधीकधी डिकीचा तळच सुरकुतलेला असतो. सुरंगीताई, तुमचं डिकीचं दार घासतंय म्हणालात, म्हणजे मागचा पत्रा थोडा तरी सरकलेला आहे. बंपर उतरवल्याशिवाय ‘काही नाही’ म्हणू नका आणि मिस्त्रीलाही म्हणू देऊ नका.

दार बघायची पद्धत सांगतो. डावं मागचं दार सावकाश उघडा आणि लावा. आवाज पूर्वीसारखा येतो का? दार आणि पत्रा यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? उजव्या दाराच्या फटीशी ताडून बघा. फट खाली अरुंद आणि वर रुंद झाली असेल तर गाडीचा सांगाडा हलला आहे आणि तुमचा दाराचा प्रश्न नापास.

मग सीट काढून गाडीच्या सीटच्या बेचक्यात हात घाला. आयसोफिक्सचे दोन लोखंडी आकडे असतील तर ते वाकलेत का ते बोटांनी चाचपा. गाडीचा पट्टा पूर्ण बाहेर ओढा आणि सोडा, अडखळत आत गेला तर तो पट्टाही बदला. बाल सीट नवी आणून जुन्या अडकणाऱ्या पट्ट्याने बांधली तर काय उपयोग?

इन्शुरन्सचं बोलायचं तर पॉलिसी गाडीची असते, आत ठेवलेली बाल सीट बऱ्याच वेळा त्यात येत नाही. सामानाचा वेगळा ॲड-ऑन घेतलेला असेल तर विचारा. आणि एका टेललॅम्पसाठी क्लेम करण्याआधी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती जातो ते मोजा. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. टेम्पोवाल्याशी जागेवर तडजोड करताना लोक बंपर आणि दिव्याचे पैसे घेतात, सीटचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. तीही त्यात धरली पाहिजे, कारण तीही त्याच धडकेत होती.

सोलकढी

मी गुहागरची, सध्या कॅलिफोर्नियात. इथल्या कायद्याप्रमाणे अपघाताच्या वेळी वापरात असलेली किंवा नुकसान झालेली बाल सीट बदलून देण्याचा खर्च गाडीच्या विम्यात धरावाच लागतो. मागच्या वर्षी आम्हाला सिग्नलवर मागून एकाने ठोकलं तेव्हा विमा कंपनीने पावती मागितली आणि पैसे दिले. आपल्याकडे अशी तरतूद असती तर ‘महागाची वस्तू टाकायची कशी’ हा प्रश्न सासूबाईंना पडलाच नसता. त्यांची काटकसर चुकीची नाही, तो खर्च त्यांच्या घरावर पडतोय हे चुकीचं आहे.

सुरंगी, एक कर. सीटचं कापड काढ. वरवर बघून होत नाही.

सुरंगी

आज रविवार, सकाळीच बसले. सगळं सविस्तर लिहिते.

गाडी: मिस्त्रींनी बंपर उतरवला. मागची पट्टी किंचित दबली आहे, डिकीचा तळ सरळ आहे. डिकीच्या दाराचं कुलूप हललं होतं, तेच घासत होतं. डावं मागचं दार व्यवस्थित, फट दोन्हीकडे सारखी. आयसोफिक्सचे आकडे आमच्या गाडीत नाहीत, आम्ही गाडीच्या पट्ट्याने बांधतो. तो पट्टा न अडखळता आत जातो. इजा कुणालाच नाही. म्हणजे चार प्रश्न ठीक.

मग अंगणात चटई टाकून सीटचं कापड काढलं. खाली बिस्किटांचा चुरा, दोन कवड्या आणि हरवलेली एक राखी निघाली. पट्टे नीट आहेत, शिवण उसवलेली नाही, बकलचा खटका वाजतो. डोक्याच्या उजव्या बाजूच्या फोममध्ये मात्र एक बारीक चीर आहे, करंगळीएवढी लांब. आणि सीट उलटी केली तर खाली, गाडीचा पट्टा जिथून ओवतो तिथे, प्लास्टिकवर पांढरट रेघा आहेत, तीन-चार. लेक डाव्या बाजूला बसते, टेम्पो मागून सरळ आला. मग उजव्या बाजूच्या फोमला चीर कशी? आणि चिरेच्या कडा मळक्या आहेत, ताज्या वाटत नाहीत.

घाटमाथा

प्लास्टिकच्या डब्याचं झाकण वाकवलं की घडीवर पांढरी रेघ उमटते ना, तशाच या रेघा. त्या जागी प्लास्टिक सोसेल त्यापेक्षा जास्त वाकलं आहे. ताशी १५-२० च्या मागच्या धडकेत, तुम्ही सांगताय त्या गाडीच्या अवस्थेत, पट्ट्याच्या वाटेवर एवढा ताण यावा हे मला पटत नाही. मागून धडक बसते तेव्हा पुढे तोंड असलेलं मूल आधी सीटच्या पाठीत दाबलं जातं. पट्ट्यावर जोर येतो तो उलट झोक्यात, आणि तो कमी असतो.

हे जुनं दिसतंय. सीट कधी घेतली? नवी घेतली होती का? खाली लेबलवर बनवल्याची तारीख असते. लेबल गेलं असेल तर प्लास्टिकमध्येच कोरलेली घड्याळासारखी तबकडी शोधा, बाण महिना दाखवतो आणि मधला आकडा वर्ष.

सुरंगी

तबकडी सापडली. २०१९.

सीट नवी घेतलेली नाही. पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, पण तेव्हा त्याचा संबंध असेल असं वाटलं नाही. ठाण्याच्या मावसभावाने दिली. त्याचा मुलगा मोठा झाला, तर त्याने दोन वर्षांपूर्वी गणपतीला येताना डिकीत टाकून आणली होती. म्हणूनच पुस्तिका घरात नाही.

घाटमाथा

दादाला फोन करा. ‘अपघात झाला होता का’ असं विचारू नका, लोक ‘छे, तसं काही नाही’ म्हणतात. ‘ही सीट गाडीत असताना गाडीला कधी काही लागलं होतं का, कितीही छोटं’ असं विचारा. एअरबॅगचं वेगळं विचारा.

सुरंगी

बोलले. रात्रीचे साडेअकरा झालेत, पण लिहून टाकते.

दादा आधी हसत होता, मग गप्प झाला. २०२२ ला सायन-पनवेल रस्त्यावर पावसात त्याची गाडी दुभाजकावर गेली होती. मुलगा गाडीत नव्हता, सीट बांधलेली होती. ड्रायव्हरची एअरबॅग उघडली, गाडी टो करून न्यावी लागली. दीड महिना गॅरेजमध्ये होती. सीट त्याने घरी आणून पुसली, बघितली, काही दिसलं नाही म्हणून ठेवली. मला म्हणाला, “अगं, मुलगा नव्हताच त्यात, सीटला काय होणार असं वाटलं मला.” मग दोन मिनिटं बोललाच नाही. त्याला काय वाटलं असेल ते मला कळतंय. त्याने प्रेमाने दिली होती, स्वतः घेऊन आला, स्वतःच्या हाताने आमच्या गाडीत बसवून दिली.

गाडी चालत निघाली नाही, एअरबॅग उघडली. पाचातले दोन तिथेच गेले. आणि त्यानंतर दोन वर्षं मी लेकीला त्याच सीटमध्ये बसवून कशेडी, परशुराम, कुंभार्ली सगळे घाट केले. परवाचा टेम्पो आला नसता तर मी कापड काढून बघितलंच नसतं.

वेंगुर्ल्याचा_वारा

सुरंगीताय, वाचून अंगावर काटो इलो. मिया आजच जुन्या वस्तूंच्या ग्रुपार एक सीट बघून ठेयलेली, अर्ध्या किमतीक. चेडू आता मोठा होता, पुढची सीट लागतली म्हणान. नको काय घेवक?

घाटमाथा

ओळखीच्या माणसाची, पुस्तिका आणि पावतीसकट, आणि ‘कधीच धडक झालेली नाही’ असं तो डोळ्यांत बघून सांगतोय, तर विचार करता येईल. अनोळखी माणसाची नको. आणि ओळखीच्यालाही कसं विचारायचं ते वर बघितलंच.

नवी घेताना सीटवरची मंजुरीची खूण बघा. आपलं मानक एआयएस ०७२. युरोपीय सीटवर नारिंगी लेबल, त्यात वर्तुळात ‘ई’ आणि देशाचा आकडा असतो. आर १२९ लिहिलेली मिळाली तर चांगलंच, त्यात बाजूच्या धडकेची चाचणीही असते. नुसतं मऊ कापड आणि कार्टूनची चित्रं असलेल्या, खूण नसलेल्या वस्तूही सीट म्हणून विकल्या जातात, त्या घेऊ नका.

आणि तुमच्या गडग्याच्या सीटचं विसरू नका, कापड काढून बघा.

आंबोशी

सुरंगी, दादावर रागवू नकोस हो. आपल्याकडे पाळणा, दुपटी, बाळंतविडा सगळं असंच एका घरातून दुसऱ्या घरात जातं, आणि त्यात मायाच असते. माझ्या लेकीच्या पाळण्यात पाच पोरं वाढली. सीट त्यातली नाही, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

सुनेशी बोलले मी. तिने मला आणखी एक दाखवलं. आमची गाडी हर्णैच्या बाजूला समुद्राजवळ उभी असते, तर सीटच्या मागच्या लोखंडी हुकाला गंज धरला होता आणि पट्ट्यावर बुरशीचे काळे ठिपके. पट्टे तिने साबणाच्या पाण्यात भिजवले नाहीत. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवले, ब्लीच चालत नाही म्हणाली. हूक मात्र नीट सरकत नाही, त्याचं कंपनीला विचारणार आहे.

सुरंगी

नाही रागावले काकू. उलट त्याचाच सकाळी फोन आला, नवी सीट मी घेऊन देतो म्हणाला. नको म्हटलं, निम्मे पैसे दे म्हटलं. तेवढ्याने त्यालाही बरं वाटलं.

आता नवी यायला आठवडा लागेल. रत्नागिरीत दोन दुकानं फिरले, एकाकडे एकच नमुना होता आणि त्यावर कुठलीही खूण नव्हती. ऑनलाइन मागवली. मधल्या काळात काय करू? शनिवारी लांज्याला बाबांच्या डोळ्यांचं दाखवायला जायचं आहे.

पारिजातक

ती सीट एका फेरीसाठीही वापरू नकोस आणि मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर तर मुळीच बसू नकोस. मूल आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये तुझं शरीर येतं असं वाटतं, पण धडकेत होतं उलटंच. मूल मध्ये चिरडतं, आणि एअरबॅग उघडली तर ती थेट त्याच्यावर उघडते.

लांज्याचा प्रवास टाळता येत नसेल तर नवऱ्याला बाबांकडे जाऊ दे आणि तू लेकीबरोबर घरी थांब. दोघींनीही जायलाच हवं असेल तर रेल्वेचा विचार कर. पॅसेंजरने विलवड्याला उतरायचं, पुढे अंतर थोडं. लेकीलाही आवडेल.

नवी आली की दोन तपासण्या प्रत्येक वेळी कर. बांधल्यावर सीट पट्ट्याच्या वाटेपाशी धरून हलवायची, एका इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. आणि लेकीच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडून बघायचा. पकडता आला तर सैल आहे. पावसाळ्यात जाड रेनकोट किंवा स्वेटर घालून पट्टे लावू नकोस. आत हवा राहते आणि पट्टा घट्ट लागल्याचा भास होतो. कोरडी करून बसव, थंडी वाटली तर पट्ट्यांच्या वरून शाल घाल.

कुडाळचं_गॅरेज

जुनी सीट भंगारात तशीच देऊ नका. भंगारवाला ती धुऊन पुसून पुढे विकतो, मी डोळ्यांनी बघितलंय. पट्टे कापा, मगच द्या.

सुरंगी

शेवटचं कळवते.

नवी सीट गुरुवारी आली. आर १२९ ची आहे. बसवायला मला दीड तास लागला आणि तीनदा सोडून पुन्हा बांधली, तेव्हा कुठे इंचाच्या आत आली. गाडीच्या सीटवर गुडघा ठेवून, अंगाचा भार देऊन पट्टा ओढावा लागतो, हे पुस्तिकेतल्या चित्रावरून कळलं. पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटच्या खालच्या खणात ठेवली आहे. तिच्यात अपघातानंतरचं पान आधी वाचलं. किरकोळ धडकेच्या त्याच पाच अटी आहेत आणि शंका असल्यास बदला, असं लिहिलंय.

त्याआधीच्या शनिवारी नवरा एकटाच गेला होता. बाबांचा मोतीबिंदू आहे, दिवाळीनंतर काढायचा ठरलंय.

जुनी सीट कापायला बसले तर सासूबाई म्हणाल्या, थांब, मी कापते. पलीकडच्या वाडीतल्या एका सुनेने ती मागितली होती आणि सासूबाई जवळजवळ हो म्हणाल्या होत्या. त्यांनी कोयतीने पाचही पट्टे कापले. मी कवचावर जाड मार्करने लिहिलं, ‘अपघातात सापडलेली, वापरू नये’. मग त्या सुनेकडे दोघी गेलो, सीट का दिली नाही ते सांगितलं आणि कापड काढून कसं बघायचं ते तिच्या घरच्या सीटवर दाखवलं. तिच्याकडे आधीची एक होती, नणंदेची. तिनेही नणंदेला फोन लावला.

नव्या सीटच्या तळाला मी मार्करने घेतल्याची तारीख घातली आहे आणि खाली मोकळी जागा सोडली आहे. गाडीला कधी काही लागलंच तर तिथे लिहायचं. दोन वर्षांनी ही कुणाला दिली तर त्याला विचारत बसावं लागणार नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पहाटे निघतोय.